नव्या इलेक्ट्रिक गाडीतील बारीकसारीक दोष : तपासणी, नोंद आणि दुरुस्तीचा नेमका क्रम

नवी इलेक्ट्रिक गाडी घेणारे बहुतेक जण ती तपासतात, पण चुकीच्या वेळी. हार घालून झाला, नारळ फुटला, चाकांखालची लिंबे चिरडत गाडी शोरूमबाहेर आली, पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या आवारात सकाळच्या उन्हात पाहताना लक्षात येते की बॉनेटची डावी कड किंचित उचललेली आहे आणि मागच्या दाराच्या रंगात धुळीचा कण अडकला आहे. तोवर गाडीची नोंदणी झालेली असते, विमा निघालेला असतो आणि विक्रेत्याकडे घाई करण्याचे काहीही कारण उरलेले नसते.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे. दोष दिसला की लगेच वर्कशॉप गाठून ‘हे आत्ताच्या आत्ता करून द्या’ असा आग्रह धरला जातो. दाराचे आतले पॅनेल एकदा उघडले की त्यातील प्लॅस्टिकच्या क्लिपा ढिल्या होतात किंवा तुटतात, आणि एक टकटक घालवायला गेलेली गाडी दोन नव्या खुळखुळाटांसह परत येते. म्हणून आधी पाहावे, मग लिहावे, मग दोषांची प्रतवारी करावी आणि त्यानंतर शक्यतो एकाच खेपेत दुरुस्ती करून घ्यावी. पुढील टप्पे याच क्रमाने दिले आहेत.

## १. तारखांचा क्रम आधी लावून घ्या

मुहूर्त आधी ठरतो आणि तपासणी त्याच्या आदल्या संध्याकाळी कशीबशी उरकली जाते, येथेच पहिला घोळ होतो. पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसऱ्याच्या दिवशी एकाच शोरूममधून अनेक गाड्या बाहेर पडायच्या असतात. त्या गर्दीत कोणालाही तुमच्या बंपरच्या फटीकडे पाहायला वेळ नसतो. मुहूर्ताला गाडी घ्यावी, पण तिची तपासणी किमान आठ ते दहा दिवस आधी झालेली असावी.

क्रम असा ठेवावा. विक्रेत्याने तुमच्यासाठी विशिष्ट गाडी राखली की तिचा चासी क्रमांक ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्यावा. त्यानंतर स्टॉकयार्डमध्ये जाऊन त्याच क्रमांकाच्या गाडीची तपासणी करावी, जिला विक्रेते आणि ग्राहक दोघेही ‘पीडीआय’ (प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन, म्हणजे ताब्यापूर्वीची तपासणी) म्हणतात. तपासणीचा निकाल लेखी कळवावा, आणि मगच अंतिम बिल, विमा व नोंदणी या गोष्टी पुढे जाऊ द्याव्यात. विमा आणि नोंदणी दोन्ही चासी क्रमांकावर होत असल्यामुळे त्यापूर्वी ‘ही नको, दुसरी दाखवा’ असे म्हणणे सोपे असते. त्यानंतर ते जवळजवळ अशक्य होते.

कर्ज घेतले असेल तर बँकेला स्पष्ट सांगावे की तुमच्या होकाराशिवाय रक्कम विक्रेत्याकडे वळती करू नये. बँकेचा आणि शोरूमचा माणूस एकमेकांना चांगले ओळखत असतात, आणि तुम्ही तपासणीला जाण्यापूर्वीच पैसे पोहोचलेले असतात, असे होऊ शकते.

इशारा : ‘पीडीआय आमच्याकडे कंपनीच्या यादीप्रमाणे होतेच’ हे उत्तर खरे असू शकते, पण ती तपासणी विक्रेत्याने स्वतःसाठी केलेली असते. तुमची तपासणी वेगळी.

## २. सोबत काय न्यावे

वेळ सकाळी नऊ ते अकराची असावी. तिरप्या उन्हात रंगातील लाटा आणि पत्र्यावरील चेप दिसतात. शोरूमच्या दिव्यांखाली दोन्ही लपतात. गाडी धुतलेली पण कोरडी असावी, कारण ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत आणि धुळीखाली तर काहीच दिसत नाही. पावसाळ्यात उघड्या यार्डात तपासणी करण्याऐवजी गाडी आडोशाला घ्यायला सांगावी.

एक टॉर्च, मऊ कापड, टायरचा हवा मोजणारा गेज, कागदाच्या काही पट्ट्या, रंगीत मास्किंग टेप आणि जुनी पाच-सहा एटीएम कार्डे पुरतात. कार्डांचा उपयोग फटी मोजण्यासाठी आहे : प्रमाणित बँक कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, त्यामुळे पाच कार्डांची चळत म्हणजे सुमारे ३.८ मिलिमीटर. रंगाची जाडी मोजणारा मीटर भाड्याने मिळाला तर उत्तम, मात्र तो लोखंड आणि ॲल्युमिनियम या दोन्हींवर चालणारा असावा. सोबत एक माणूस असावा, पण उत्साही नातेवाइकांचा घोळका नको.

## ३. कागद आणि आकडे

हे काम दहा मिनिटांचे आहे. पुढच्या काचेखालचा, दाराच्या चौकटीवरील स्टिकरचा आणि पत्र्यावर कोरलेला असे तिन्ही चासी क्रमांक तुम्हाला लेखी मिळालेल्या १७ अक्षरांशी अक्षर-न्-अक्षर जुळवावेत. उत्पादनाचा महिना व वर्ष विचारून घ्यावे. पुढे विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, तेच आले आहे का हे पाहता येते. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांचे आठवडे तंतोतंत एक असण्याची गरज नाही, पण एकच टायर वर्षभर जुना असेल तर तो का, हे विचारावे.

गाडी यार्डात किती दिवस उभी होती आणि त्या काळात बॅटरीत किती टक्के चार्ज ठेवला होता, हा प्रश्न इलेक्ट्रिक गाडीसाठी किलोमीटरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. अगदी तळाला गेलेल्या चार्जवर महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी टाळणे शहाणपणाचे.

## ४. बाहेरून : फटी, पातळी आणि रंग

येथे घाई करू नये. गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकच फेरी मारावी आणि दिसेल ते मास्किंग टेपने खुणावत जावे. उलटसुलट फिरल्यास एखादे पॅनेल हमखास सुटते.

फट पाहताना दोन वेगळ्या गोष्टी पाहायच्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे दोन पॅनेलांमधील अंतर. दुसरी म्हणजे त्या दोन पॅनेलांची पातळी, अर्थात एक दुसऱ्यापेक्षा वर आले आहे का. अंतरासाठी कार्डांची चळत वापरावी, पातळीसाठी बोटाचे टोक हलकेच फिरवावे. फट किती मिलिमीटरची आहे यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे का आणि डाव्या-उजव्या बाजूंना जुळते का, हे महत्त्वाचे. बॉनेटच्या एका बाजूला चार कार्डे जातात आणि दुसऱ्या बाजूला सहा, तर ते बॉनेट सरकलेले आहे. दोन्हीकडे पाच-पाच जात असतील तर ती त्या मॉडेलची रचना समजावी. शंका असल्यास शेजारी उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवर तीच कार्डे लावून पाहावीत. यार्डातील तपासणीचा हा मोठा फायदा असतो.

फटीचे कारण समजून घेतले की दुरुस्ती किती सोपी आहे याचा अंदाज येतो. बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांखाली रबरी गुटके असतात. बऱ्याच गाड्यांत ते फिरवून उंची कमी-जास्त करता येते आणि काम पाच मिनिटांत होते. दार मागच्या कडेला बाहेर राहत असेल तर बहुधा चौकटीवरील, कुलूप ज्यात अडकते ती कडी सरकवावी लागते. संपूर्ण दार खाली झुकलेले असेल तर बिजागऱ्यांचे काम आहे, जे जाणत्या हातानेच व्हावे. बंपर आणि फेंडर यांच्यामध्ये फाकलेली फट अनेकदा सुटलेल्या क्लिपेमुळे असते. चार्जिंग पोर्टचे झाकण वाकडे बसणे हा खास इलेक्ट्रिक गाडीतील दोष. तो नुसता दिसण्याचा नाही, कारण झाकणाभोवतीचे रबर नीट दाबले गेले नाही तर आत पाणी आणि धूळ जाते.

रंगाकडे पाहताना डोळा पॅनेलच्या पातळीला आणून उन्हाचे प्रतिबिंब पाहावे. संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा कमी-अधिक प्रमाणात सगळ्याच गाड्यांवर असतो आणि त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. मात्र शेजारच्या दोन पॅनेलांचा पोत वेगळा दिसला, रबरी पट्टीच्या कडेला रंगाचे शिंतोडे दिसले किंवा बिजागरीच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला दिसला, तर ते पॅनेल पुन्हा रंगवले किंवा काढून बसवले गेले असण्याची शक्यता आहे. कारखान्यातील रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. एकाच धातूच्या पॅनेलवर २०० च्या बऱ्याच वर आकडे येत असतील तर लेखी खुलासा मागावा. प्लॅस्टिकच्या बंपरवर असा मीटर चालत नाही, त्यामुळे तेथील शून्य आकड्याने घाबरू नये.

त्यानंतर गाडी रॅम्पवर घ्यायला सांगावी. विक्रेते याला कुरकुरतात, तरी आग्रह सोडू नये. जमिनीलगत बसवलेल्या बॅटरीच्या आवरणावर चेप, खोल ओरखडा किंवा जॅकच्या गोल पॅडचा ठसा आहे का, हे पाहायचे आहे. लिफ्टचे हात ठरवून दिलेल्या बिंदूंऐवजी बॅटरीच्या आवरणाखाली लावल्याने असे ठसे उमटतात. खालच्या प्लॅस्टिक कव्हरांचे सगळे बोल्ट आणि क्लिपा जागेवर आहेत याची खात्री करावी. लोंबणारे कव्हर पुढे महामार्गावर फडफडते आणि त्या आवाजाचा शोध घेता घेता माणूस थकतो.

इशारा : बॉनेटखालच्या आणि गाडीखालच्या नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना, त्यांच्या जोडण्यांना किंवा झाकणांना हात लावू नये; फक्त पाहावे आणि फोटो घ्यावा.

पडताळा : फेरी संपल्यावर टेपचे तुकडे मोजा आणि प्रत्येकाचे दोन फोटो घ्या, एक जवळून आणि एक लांबून, ज्यात ते कुठले पॅनेल आहे हे कळेल. नुसत्या जवळच्या फोटोवरून आठवड्याने तुम्हालाही काही ओळखता येत नाही.

## ५. विजेची बाजू

स्क्रीनवर कोणताही इशारा-दिवा नसावा. असेल आणि ‘चालवल्यावर जाईल’ असे सांगितले गेले, तर तो गेल्यावरच पुढे बोलू असे सांगावे. पुष्कळदा याचे कारण मोठ्या बॅटरीत नसून १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत असते. गाडीचे कुलूप, संगणक आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, या छोट्या बॅटरीवर चालतात, आणि यार्डात उभी राहून ती उतरली की गाडी नाना तऱ्हेच्या खोट्या तक्रारी दाखवते. गाडी बंद करून काही वेळ गेल्यावर मल्टीमीटरने मोजल्यास चांगल्या स्थितीतील लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. गाडी चालू असताना घेतलेला १३.५ ते १४.५ व्होल्टचा आकडा बॅटरीचा नव्हे, तर तिला चार्ज करणाऱ्या कन्व्हर्टरचा असतो. वर्कशॉपमध्ये नेमका हाच दाखवून ‘बॅटरी ठीक आहे’ असे सांगितले जाते.

चार्जिंग तपासताना यार्डातच एसी (घरच्यासारखे संथ चार्जिंग) आणि जलद डीसी अशा दोन्ही मार्गांनी दहा-दहा मिनिटे गाडी लावून पाहावी. प्लग सहज बसतो का, कुलूप लागल्याचा आवाज येतो का, चार्ज थांबवल्यावर प्लग लगेच सुटतो का आणि तो अडकल्यास सोडवण्याची आपत्कालीन दोरी किंवा कळ कुठे आहे, हे विचारून घ्यावे. एसी चार्जिंगच्या तपासणीसाठी गाडीसोबत मिळालेला चार्जरच वापरावा, शोरूमचा नव्हे.

आणखी एका गैरसमजामुळे पुष्कळ चकरा वाया जातात. पूर्ण चार्जवर स्क्रीन जे अंतर दाखवते ते जाहिरातीतील आकड्यापेक्षा कमी असणे हा दोष नाही. जाहिरातीतील आकडा ठरावीक चाचणीचा असतो, तर स्क्रीनवरील आकडा बहुधा अलीकडच्या वापरावरून काढलेला असतो. यार्डात वातानुकूलन लावून रेंगाळलेल्या गाडीचा अंदाज वाईटच येणार.

## ६. आतून, आणि एक छोटी फेरी

आत बसल्यावर सगळ्या काचा, आरसे, सीट, सीटबेल्ट, दिवे, वायपर, कॅमेरे आणि मागच्या दारांची मुलांसाठीची कुलपे एकदा चालवून पाहावीत. दाराच्या रबरी पट्टीत कागदाची पट्टी ठेवून दार लावावे आणि कागद ओढावा. चौकटीभोवती आठ-दहा ठिकाणी हे केल्यास जेथे कागद विनासायास निसटतो तेथे रबर दाबले जात नाही असे समजावे. छताच्या कापडावर, गालिच्याखाली आणि डिकीतील टायरच्या खड्ड्यात ओल, डाग किंवा कुबट वास आहे का, हेही पाहावे.

फेरी यार्डातल्या यार्डात झाली तरी चालेल. सपाट जागी स्टिअरिंग सरळ राहते का आणि गाडी एका बाजूला ओढते का, एवढेच यावेळी ठरवायचे आहे. ब्रेक डिस्कवरील तांबूस गंज अनेकदा ब्रेक दाबून झाल्यावर जातो. बराच काळ उभ्या गाडीच्या टायरना बसलेला सपाटपणाही थोडे अंतर चालल्यावर बहुधा निघून जातो. खुळखुळाटाचा निकाल येथे लावू नये. त्यासाठी पुढे वेगळा टप्पा आहे.

## ७. दोषांची प्रतवारी आणि लेखी पत्र

त्याच दिवशी संध्याकाळी यादी करून तिचे तीन भाग पाडावेत.

पहिल्या भागात ज्यांच्यामुळे ही गाडी घ्यायचीच नाही असे दोष येतात : न जुळणारा चासी क्रमांक, धातूच्या पॅनेलवरील खुलासा न झालेले रंगकाम, बॅटरीच्या आवरणावरील चेप, न जाणारा इशारा-दिवा, चार्जिंग न होणे, आत पाणी आल्याच्या खुणा. दुसऱ्या भागात जे समायोजनाने जाऊ शकतात ते : फटी, झाकणे, रबरी पट्ट्या, सुटलेल्या क्लिपा, दिव्यांचा रोख. तिसऱ्या भागात दोष नसलेल्या गोष्टी टाकाव्यात. गाडी सुरू होताना येणारा रिलेचा ‘टक’, चार्जिंगच्या वेळी किंवा नंतर काही वेळ चालणारा पंप व पंखा, एसी लावल्यावर गाडीखाली ठिबकणारे पाणी, आणि हेडलॅम्पच्या आत थंडीत आलेले व दिवा लावल्यावर विरणारे हलके धुके या सगळ्या या भागात जातात. हेडलॅम्पमध्ये पाण्याचे थेंब किंवा साचलेले पाणी दिसले तर तो मात्र दुसऱ्या भागातला दोष आहे.

ही यादी विक्रेत्याला ईमेलने पाठवावी आणि पहिल्या भागासाठी दुसरी गाडी, दुसऱ्या भागासाठी ताब्यापूर्वी दुरुस्ती किंवा तारखेसह लेखी कबुली मागावी. फोनवर मिळालेले ‘करून देतो सर’ हे उत्तर सेल्स एक्झिक्युटिव्हची बदली झाली की त्याच्याबरोबर जाते.

इशारा : रंगातील एखाद्या धूलिकणासाठी संपूर्ण पॅनेल पुन्हा रंगवून घेऊ नये. वरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो. हलक्या पॉलिशने जाणारे घालवावे, न जाणारे जमल्यास तसेच ठेवून सवलत मागावी. माझे मत स्पष्ट आहे : कारखान्यातील रंगावरचा एक कण हा वर्कशॉपमधील नव्या रंगापेक्षा चांगला. रंगवणे अटळच असेल, तर इलेक्ट्रिक गाडी भट्टीत किती तापमानापर्यंत ठेवता येते याची उत्पादकाने घालून दिलेली मर्यादा पाळली जाईल, असे जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घ्यावे.

## ८. ताब्याचा दिवस

या दिवशी नवे काही शोधायचे नाही. जुनी यादी घेऊन प्रत्येक मुद्दा पुन्हा पाहायचा आहे. यार्डातून शोरूमपर्यंत येताना किंवा धुताना पडलेले ताजे ओरखडे तेवढे वेगळे पाहावेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवूनच द्यायची असते, तेव्हा हिरव्या पाटीशिवाय ताबा घेऊ नये. ताब्याच्या कागदावर ‘सर्व समाधानकारक’ असे छापलेले असेल तर सहीशेजारी ‘दि. … च्या ईमेलमधील मुद्दे प्रलंबित’ असे हाताने लिहावे आणि त्याचा फोटो घ्यावा.

सिरॅमिक कोटिंग, पारदर्शक फिल्म आणि गाडीखालचे कोटिंग या दिवशी विकले जाते. यांतील पहिल्या दोन गोष्टी महिनाभर पुढे ढकलाव्यात, कारण त्यांच्याखाली गेलेला रंगाचा दोष मान्य करून घेणे कठीण जाते. गाडीखालच्या कोटिंगला तर इलेक्ट्रिक गाडीत उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय नकोच म्हणावे. बॅटरीचे आवरण, जोडण्या आणि पाणी निघण्याची छिद्रे त्या लेपाखाली जाऊ शकतात.

## ९. पहिले दोन आठवडे : आवाज, वारा आणि पाणी

इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पेट्रोल गाडीत जे कधी ऐकूच आले नसते ते इलेक्ट्रिक गाडीत कानाशी येते. म्हणून आधी हवेचा दाब पाहावा. वाहतुकीसाठी टायर जास्त फुगवलेले असतात आणि ते उतरवायचे राहून जातात. दगडासारख्या टायरांवर कोणतीही गाडी खडखडेल. दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे दाब करून घेतल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप संपतात, असा माझा अनुभव आहे. मग हातमोजे-कप्पा, दारांचे कप्पे, डिकीतील जॅक आणि हत्यारे रिकामी करावीत.

त्यानंतर एक ठरलेला रस्ता निवडावा, ज्यात थोडे पेव्हर ब्लॉक, दोन गतिरोधक आणि एक सपाट पट्टा असेल. ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने, एसी आणि रेडिओ बंद ठेवून, एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने आवाजाच्या जागी हाताने दाब द्यावा. दाब देताच आवाज थांबला तर जागा सापडली. नेहमीचे संशयित म्हणजे सीटबेल्टचा खांबावरील वरचा सांधा, मागच्या सीटच्या पाठीचे कुलूप, डिकीवरील ट्रे, सनरूफची चौकट आणि डॅशबोर्डची काचेलगतची कड. या सगळ्यांच्या आधी मात्र मागची नंबर प्लेट बोटाने वाजवून पाहावी. ती न निघणाऱ्या कुलपांनी बसवलेली असते आणि मागे जागा राहिली की डिकी लावताना व खड्ड्यांत पत्र्यावर आपटते. माझ्या गाडीत ज्या ‘सस्पेन्शनच्या आवाजा’साठी दोन खेपा झाल्या, तो शेवटी पाटीमागे फोमची दुहेरी चिकट पट्टी सरकवल्यावर गेला.

वाऱ्याच्या शिट्टीसाठी मास्किंग टेप कामी येते. ज्या वेगाला आवाज येतो तो वेग नोंदवावा, मग गाडी सुरक्षित जागी थांबवून एका वेळी एकच फट बाहेरून टेपने बंद करावी आणि पुन्हा त्याच वेगाने जावे. जी फट झाकल्यावर आवाज बदलतो ती दोषी. एकदम सगळीकडे टेप लावल्यास आवाज जाईल, पण कळणार काहीच नाही.

पाण्याची चाचणी पावसाची वाट न पाहता नळीच्या साध्या धारेने करावी. धार खालून वर न्यावी : आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची कड, शेवटी छत, प्रत्येक जागी तीन-चार मिनिटे. एक जण आत टॉर्च घेऊन बसलेला असावा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि नेमके कुठून आत आले हे ठरवता येत नाही. पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी ओल असेल तर दाराआधी एसीच्या पाण्याची तुंबलेली नळी तपासायला सांगावी.

इशारा : या चाचणीसाठी प्रेशर वॉशर वापरू नये, आणि चार्जिंग पोर्ट किंवा बॉनेटच्या आत धार मारू नये.

घरच्या चार्जिंगचीही याच काळात परीक्षा होते. ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर ४० युनिट क्षमतेच्या बॅटरीत तासाला साधारण ६ ते ७ टक्के भर पडायला हवी. चार्जर लाल दिवा दाखवत असेल तर आधी घरचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. अर्थिंग नसल्यास चार्जरने नकार देणे हीच त्याची योग्य वागणूक आहे. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने चार्जर बंद करून प्लग काढावा व त्याच्या पिना आणि सॉकेट पाहावेत. तेथे चटका बसण्याइतकी उष्णता किंवा काळसर डाग आढळल्यास सॉकेट बदलेपर्यंत चार्जिंग थांबवावे.

## १०. वर्कशॉपमध्ये एकदाच, पण नीट

दोन आठवड्यांत जमलेली यादी घेऊन एकच वेळ ठरवावी आणि तपासणीच्या वेळची यादीही जोडावी. त्याआधी वॉरंटी पुस्तिकेतील समायोजनाचा भाग वाचावा, कारण मोठ्या बॅटरीची हमी वर्षानुवर्षांची असली तरी दारे, पट्ट्या, अलाइनमेंट अशा गोष्टींची मुदत पुष्कळदा कमी असते.

जॉब कार्डवरील भाषा फार महत्त्वाची असते. ‘गाडी आवाज करते’ असे लिहिले तर उत्तर ‘तपासले, आढळले नाही’ असेच येते. त्याऐवजी असे लिहावे : ‘सकाळी गाडी गार असताना, ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने पेव्हर ब्लॉकवरून जाताना, चालकाच्या मागील खांबातून टकटक येते, सीटबेल्टचा वरचा सांधा हाताने धरल्यास थांबते, दुपारी येत नाही.’ प्लॅस्टिक उन्हात प्रसरण पावते, त्यामुळे सकाळचा आवाज दुपारी सापडत नाही. अशी तक्रार असल्यास गाडी आदल्या रात्री सोडावी आणि सकाळी तंत्रज्ञाला सोबत घेऊन त्याच वेगाने फेरी मारावी.

गाडी उचलताना लिफ्टचे पॅड कुठे लावले जातात ते स्वतः पाहावे. आतले पॅनेल उघडायचे असल्यास क्लिपा नव्या वापराव्यात असे लिहून घ्यावे. क्लिप ही अगदी स्वस्त वस्तू आहे, आणि तरीही जुनीच परत दाबली जाते. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यास आधीची आणि नंतरची आवृत्ती दोन्ही नोंदवाव्यात.

पडताळा : गेटपास घेण्यापूर्वी यादीतील प्रत्येक मुद्दा गाडीवर जाऊन पाहावा. न झालेल्या मुद्द्यापुढे ‘निराकरण झाले नाही’ असे जॉब कार्डवर लिहून सही घ्यावी. घरी गेल्यावर त्याच ठरलेल्या रस्त्यावरून पुन्हा एक फेरी मारावी, कारण दुरुस्तीतून आलेला नवा आवाज पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळवला तर तो त्याच जॉब कार्डाशी जोडून घेता येतो.

## ११. तरीही काम झाले नाही तर

एकाच दोषासाठी तिसऱ्यांदा जॉब कार्ड उघडावे लागले तर विक्रेत्याला बाजूला ठेवून उत्पादकाच्या ग्राहक विभागाला तिन्ही कार्डांच्या प्रतींसह लिहावे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावे लागते, आणि दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते.

मागणी काय करावी याचा मात्र आधीच विचार करावा. फटी आणि खुळखुळाटासाठी संपूर्ण गाडी बदलून मागणारे अर्ज टिकणे अवघड असते. मारुती उद्योगच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींनुसार सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देणे पुरेसे मानले आणि गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता. म्हणून विशिष्ट भागाची दुरुस्ती किंवा बदल, खेपांचा खर्च आणि त्रासाची भरपाई अशी मोजकी मागणी करावी, आणि तिच्यासोबत तारखांसह फोटो, तपासणीचा ईमेल व सहीची जॉब कार्डे क्रमाने लावावीत.